घसा निर्दोष, आवाज घोगरा!

दिवाळी आणि घसा यांचे जुने वैर आहे. तळणाचा धूर, फटाक्यांचा धूर, पहाटेचा गारठा आणि वर करंज्या-चकल्यांचा मारा. भाऊबीज उलटेपर्यंत निम्म्या घराचा आवाज बसलेला असतो. त्याची कोणी फारशी काळजी करीत नाही आणि करूही नये. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळद घातलेले दूध, ज्येष्ठमधाची कांडी आणि चार दिवस गप्प बसणे, एवढ्यावर तो सुटतो. (यांपैकी गप्प बसणे हा सर्वांत गुणकारी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे!)

आज मला लिहायचे आहे ते न सुटणाऱ्या आवाजाविषयी. त्याला सर्दीचे निमित्त नसते की आरडाओरड्याचे. तो एका रात्रीत बसत नाही. वर्ष-दीड वर्षात हळूहळू जाड होत जातो आणि घरच्या माणसांना रोज ऐकून ऐकून त्याची सवय होऊन जाते. फरक कळतो तो बाहेरच्याला. परगावची नणंद बऱ्याच दिवसांनी फोन करते आणि म्हणते, "दादा, वहिनीला दे ना जरा." पलीकडून उत्तर येते, "अहो वन्सं, मीच बोलतेय!" दोघी हसतात आणि विषय फराळाकडे वळतो. वाचकहो, प्रसंग हसण्यावारी जातो खरा. पण पुष्कळदा दुखण्याची पहिली वर्दी त्यातच असते.

माझ्या पाहण्यातल्या एका बाईंचेच उदाहरण घ्या. वय सत्तेचाळीस. उपनगरातल्या एका भजनी मंडळात पुढे बसून गाणाऱ्या. त्यांचा आवाज खणखणीत, काळी चारमध्ये. हळूहळू वरचा षड्ज लागेना. पेटीवाल्या काकांनी एक-दोनदा पाहिले आणि मग कोणाला न दुखवता पट्टी उतरवून पांढरी चार धरली. पुढे तीही झेपेना, तेव्हा बाई मागच्या रांगेत जाऊन टाळ वाजवू लागल्या. दरम्यान औषधपाणी चालूच होते. गुळण्या झाल्या, वाफारे झाले, आंबट बंद झाले, सितोपलादी चूर्ण झाले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. सारे उपाय घशावर. पण घसा मुळी दुखतच नव्हता!

त्यांना इतरही तक्रारी होत्या. पण त्यांचा घशाशी संबंध असेल असे ना त्यांना वाटले, ना घरच्यांना. थकवा येई, तो कामाचा. बद्धकोष्ठ होता, तो कमी चालण्याचा. केस गळत, ते बोअरिंगच्या पाण्याचे. बांगड्या हातात रुतू लागल्या, अंगठी निघेना. ते वजन वाढल्यामुळे. घरात सगळे पंख्याखाली बसत तेव्हा या शाल पांघरून. ती वयाची लहर. नावे चटकन आठवत नसत, दुपारी बसल्या जागी डोळा लागे. मुलगा म्हणे, "आई, तू फार आळशी झालीस हं." प्रत्येक तक्रारीला एकेक स्वतंत्र आणि पटण्याजोगे कारण मिळत गेले. सगळ्या तक्रारी एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिले. गाठ नाही, व्रण नाही. फक्त दोन्ही स्वरतंतू फुगलेले, काठ गुबगुबीत. त्यांनी घशाचे औषध लिहिण्याऐवजी रक्ताची तपासणी लिहून दिली. उत्तर त्या कागदावर आले. थायरॉइड ग्रंथी जवळजवळ संपावर गेली होती.

ही ग्रंथी गळ्यात पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या लगेच खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखराचा, वजन अवघे पंधरा-वीस ग्रॅम. तिचा स्राव म्हणजे थायरॉक्सिन हे हॉर्मोन. ते रक्तातून सर्व शरीरभर जाते आणि शरीराच्या भट्टीची आच किती ठेवायची ते ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगाची ऊब, बुद्धीची तरतरी, सगळे या आचेवर अवलंबून. ग्रंथी स्वरयंत्राची सख्खी शेजारीण असल्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, आवाज बिघडला म्हणजे ती सुजून स्वरयंत्रावर दाबत असणार. तसेही कधी कधी घडते. त्याविषयी पुढे सांगतो. परंतु आपण ज्या घोगरेपणाविषयी बोलत आहोत त्याच्याशी या शेजाराचा संबंध नाही. ही ग्रंथी गळ्याऐवजी गुडघ्यात असती, तरीही तिचा स्राव आटल्यावर आवाज असाच जाड झाला असता!

कारण असे. आपल्या कातडीखाली आणि अंतस्त्वचेखाली पेशींच्या मधल्या जागेत एक बुळबुळीत पदार्थ थोड्या प्रमाणात नेहमीच असतो. तो तयार होतो आणि मोडतो, असे सतत चालू असते. थायरॉइडचा स्राव कमी पडला की हा पदार्थ साठू लागतो. त्याची पाणी शोषण्याची शक्ती विलक्षण आहे. फालुद्यात घालायचा सब्जा आपण भिजत टाकतो तेव्हा एवढेसे बी भोवती गर धरून टपोरे होते ना, तसाच हा प्रकार. चेहरा, पापण्या, हाताची बोटे, जीभ आणि स्वरतंतू यांत तो साठतो. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारातली सूज अंगठ्याने दाबली तर खळगा पडतो आणि काही वेळ राहतो. या सुजेत तसा खळगा पडत नाही, कारण ते मोकळे पाणी नसते, गरात अडकलेले असते. म्हणूनच पुष्कळांना ती सूज न वाटता अंगावर चढलेले मांस वाटते.

आता स्वरतंतूंचे पाहा. बायकांच्या नेहमीच्या बोलण्यात ते सेकंदाला सुमारे दोनशे वेळा थरथरतात, पुरुषांच्या सुमारे सव्वाशे वेळा. तंबोरा ज्यांनी हाताळला आहे त्यांना ठाऊक असेल की, खर्जाची तार जोडीच्या तारांपेक्षा जाड असते. जाड तार सावकाश हलते आणि सूर खाली जातो. स्वरतंतूंवर हा गर चढला की जोडीच्या तारेची खर्जाची तार होते. शिवाय दोन्ही काठ नीट मिळत नाहीत, म्हणून खरखर येते. स्वरतंतूंना ताण देणारे स्नायू मंदावतात, म्हणून वरचे सूर सुटतात. जीभ जाड होते, म्हणून शब्द जड पडतात. स्वराचा घोगरेपणा आणि उच्चारांचा जडपणा ही जोडगोळी एकदा ओळखता आली की, असा रोगी दारातून आत येऊन "नमस्कार" म्हणाला तरी डॉक्टरचे कान टवकारतात.

हे ज्ञान आज सोपे वाटते. पण ते मिळायला एकोणिसाव्या शतकातल्या भल्याभल्यांची डोकी खर्ची पडली. १८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले होते. चेहरा सुजकट, जीभ जाड, बोलणे घशातून येणारे, वृत्ती मंद. चार वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी अशा सुजेत श्लेष्म्यासारखा पदार्थ असतो असे दाखवले आणि रोगाला 'मिक्सिडीमा', म्हणजे श्लेष्मल सूज, हे नाव दिले. पण हा पदार्थ साठतो का? ते कोणालाच उमगत नव्हते.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत नाव मिळवीत होते. डोंगराळ मुलूख, पाण्या-मातीत आयोडीन कमी, त्यामुळे तिथे गलगंडाला तोटा नव्हता. कोखर यांचा हात इतका सफाईदार की रोगी ठणठणीत बरे होऊन घरी जात. परंतु ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढून टाकली होती, अशांना काही काळाने पुन्हा बोलावून पाहिले तेव्हा बहुतेकांची दशा वाईट! अंग सुजलेले, हालचाल मंद, बुद्धी मठ्ठ. १८८३ साली कोखर यांनी हा प्रकार प्रामाणिकपणे जगापुढे मांडला. कारण मात्र त्यांनी श्वासनलिकेत शोधले. तिला इजा होऊन प्राणवायू कमी पडत असावा, अशी त्यांची अटकळ.

आणि इथे एक गळ्याचा डॉक्टर पुढे आला, ही मला या हकीकतीतली सर्वांत गोड गोष्ट वाटते. फेलिक्स सेमन हे मूळचे जर्मनीकडचे, लंडनमध्ये स्वरयंत्राच्या रोगांचे तज्ज्ञ म्हणून काम करणारे. त्याच १८८३ च्या नोव्हेंबरात तिथल्या क्लिनिकल सोसायटीच्या बैठकीत ते उठून म्हणाले की, गल-ऑर्ड यांचा मिक्सिडीमा, डोंगरी मुलखातली ठेंगणी मतिमंद मुले आणि कोखर यांचे शस्त्रक्रिया झालेले रोगी, हे तीन वेगळे रोग नव्हेत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, थायरॉइडचे काम बंद पडणे. सभेत त्यांचे हसे झाले. घसा बघणाऱ्याने घसा बघावा, सगळ्या शरीराच्या उठाठेवी कशाला, असाच तो सूर. तरी सोसायटीने चौकशीसाठी समिती नेमली. समितीने पाच वर्षे खपून १८८८ साली अहवाल दिला आणि सेमन यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. कोखर यांना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सेमन यांना 'सर' हा किताब मिळाला. पण त्यांचे नाव आज किती जणांना माहीत आहे?

रोग कळला, उपाय? तो १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने केला. मेंढीची थायरॉइड ग्रंथी घेऊन तिचा अर्क काढला आणि सेहेचाळीस वर्षांच्या एका रोगी बाईला तो टोचला. काही महिन्यांत सूज उतरली, बाई चालू-बोलू लागली. पुढच्याच वर्षी असे दिसून आले की टोचण्याचीही गरज नाही, तो अर्क पोटात घेतला तरी चालतो. ती बाई त्यावर आणखी अठ्ठावीस वर्षे जगली आणि १९१९ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. मरे यांनी हिशेबही देऊन ठेवला आहे. एवढ्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! पुढे १९१४ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक मिळवले, १९२६ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि लवकरच ते प्रयोगशाळेत बनू लागले. मेंढ्या सुटल्या. आज रोज सकाळी लाखो घरांत घेतली जाणारी ती एवढीशी गोळी म्हणजे हेच थायरॉक्सिन.

लाखो घरांत असे मी उगाच म्हणत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांचे रक्त तपासले गेले. त्यांत सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडचे काम कमी आढळले. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट. यावर एक गृहिणी मला म्हणाल्या, "पण डॉक्टर, आमच्याकडे तर आयोडीनचेच मीठ असते." बरोबर आहे. त्या मिठाने गलगंडाचा जुना प्रश्न बराच सुटला. पण शहरातल्या प्रौढ स्त्रियांत आज बहुधा आढळतो तो निराळा प्रकार. १९१२ साली जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी त्याचे वर्णन केले. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या ग्रंथीला परकी समजून पोखरू लागते. त्यावर मिठाचा इलाज नाही, आणि आयोडीन जास्त खाऊन तर मुळीच नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख वाचून घोगऱ्या आवाजाचे सगळेच वाचक उद्या रक्त तपासायला रांगेत उभे राहतील. थायरॉइड कमी असलेल्या प्रत्येकाचा आवाज बसतो असे नाही. कमतरता फारच थोडी असेल, नुसते रक्तातले आकडे जरासे पुढेमागे असतील, तर तिने आवाज बिघडतो की नाही यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. शिवाय स्वरतंतूंच्या आवरणाखाली द्रव साठून ते पाण्याच्या पिशवीसारखे लोंबतात असा एक विकार आहे. फ्रिडरिश राइंके या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८९५ साली ती जागा दाखवली, म्हणून तिथल्या सुजेला त्याचे नाव. या सुजेचा दोष पूर्वी थायरॉइडवरही टाकला जाई. परंतु अशा रोग्यांची तपासणी केली तर बहुतेकांची थायरॉइड ठीकच निघते आणि खिशात सिगरेटचे पाकीट सापडते! तेव्हा सिगारेट ओढणाऱ्या काकांनी आपल्या घोगरेपणाचे खापर बिचाऱ्या ग्रंथीवर फोडू नये. वर्गात तास न् तास ओरडणाऱ्या शिक्षिकांचा आवाज, रात्री आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांचा आवाज, यांचीही कारणे वेगळी.

शेजाराची गोष्ट राहिली होती. स्वरतंतू हलवणारी मज्जातंतूची एक नाजूक फांदी या ग्रंथीच्या अगदी पाठीमागून जाते. ग्रंथीत गाठ वाढून तिने ही फांदी धरली, तर आवाज बसतो. तो महिनोन् महिने जाड होत नाही, बहुधा थोड्याच दिवसांत फुटतो, फुसका होतो, पाणी पिताना ठसका लागतो. गळ्याला गाठ आणि सोबत आवाजात बदल असे दिसले तर दिवाळी संपायचीही वाट पाहू नये. आणि गाठ असो वा नसो, कोणाचाही आवाज तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर आधी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावे. रक्ताची तपासणी त्यानंतर. थायरॉइडच्या नावाखाली घशातली गाठ राहून गेली, असे होता कामा नये.

परंतु घोगऱ्या आवाजाबरोबर थंडी सोसत नसेल, कातडी कोरडी पडली असेल, शौचाला खडा होत असेल, चेहरा सकाळी सुजलेला दिसत असेल, घोरणे नव्याने सुरू झाले असेल, मासिक पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर मात्र टीएसएचची तपासणी करायला चालढकल करू नका. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेली हाक. थायरॉइड कामचुकारपणा करू लागली की पिट्युटरी घरातल्या कडक सासूबाईंसारखी आवाज चढवते, म्हणून हा आकडा वाढतो. आकडा जितका मोठा, तितकी सून झोपलेली!

चालढकल करू नका म्हणतो त्याला कारण आहे. या दुखण्यात माणूस नुसता मंद होत नाही, तो घरच्यांच्या नजरेतून उतरत जातो. १९४९ साली लंडनच्या रिचर्ड अॅशर यांनी अशा चौदा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांचे मनच या कमतरतेने बिघडले होते. त्यांतले काही जण तर वेडाच्या इस्पितळात जाऊन पडलेले. औषध सुरू झाल्यावर बहुतेक ताळ्यावर आले. आपल्या घरात गोष्ट इतक्या थराला जात नसेल. पण "आळशी झालीस", "तुला कशात रसच नाही" ही वाक्ये वर्षानुवर्षे ऐकून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दुखणे फारच बळावले तर घशातली सूज श्वासाची वाटही अरुंद करते. म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर थायरॉइडची हकीकत भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे.

एक अगदी लहानसा आवाजही राहून जायला नको. सुमारे हजारात एक मूल जन्मतःच या स्रावाला मुकलेले असते. ते झोपाळू असते, दूध नीट ओढत नाही, कावीळ लांबते, आणि त्याचे रडणे घोगरे, दबके येते. "किती शांत बाळ आहे हो!" असे शेजारीपाजारी कौतुक करतात. ही लक्षणे दिसेपर्यंत थांबणेसुद्धा उशिराचे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून तपासणी होते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते. महिने गेले तर बुद्धीचे झालेले नुकसान पुढे भरून येत नाही. घरात नातवंड येऊ घातले असेल, तर प्रसूतिगृहात ही तपासणी करतात का, हे आजीने आधीच विचारून ठेवावे.

भजनी मंडळातल्या बाईंना गोळी सुरू झाली. पहिल्या महिन्यात शाल सुटली, तिसऱ्या महिन्यात अंगठी निघाली. आवाज सर्वांत शेवटी आला. सहा महिन्यांनी पेटीवाल्या काकांनी पट्टी पांढरी पाच केली. काळी चार काही परत आली नाही. पण बाई पुढच्या रांगेत बसतात.

गोळीविषयी दोन शब्द. तिचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे, आणि दर बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पाहायचे. वयस्कर किंवा हृदयविकाराच्या माणसांना ती अगदी थोड्या मात्रेने सुरू करतात. शेजारणीची गोळी वजन उतरवायला म्हणून घेण्याचा उद्योग कोणी करू नये. छातीत धडधड आणि हाडांची झीज हीच त्याची कमाई. बरे वाटले म्हणून परस्पर बंदही करू नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगावे, नाही तर आकडे फसवतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवाव्यात. आणि ती घ्यायची उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहासुद्धा अर्ध्या-पाऊण तासाने. नरक चतुर्दशीला पहाटे काय करायचे, असे तुम्ही विचाराल. उठल्या उठल्या गोळी घ्या, मग तेल लावून घ्या, उटणे चोळा, अभ्यंगस्नान करा, देवापुढे दिवा लावा. एवढ्यात तास सहज होतो. मग फराळाच्या ताटावर बसा, आणि पहिली चकली खुशाल मोडा.